डॉलरच्या नाण्याचे मोल



नाणी जमविण्याचा छंद आपल्या शाळेतील मुलांना पूर्वीपासून आहे. पोस्टाची तिकिटे मागे पडली, काड्यापेटीची चित्रे तर केव्हाच गेली, पण नाण्यांचा डबा अजून घरोघरी सापडतो. फरक पडला आहे तो प्रश्नात. पूर्वी मुले विचारीत, "हे कुठल्या देशाचं?" आता विचारतात, "हे कितीला जाईल?" या प्रश्नात वाईट काही नाही. मात्र त्याचे उत्तर कसे शोधावे हे कोणी शिकवीत नाही, आणि खोटे उत्तर द्यायला माणसे टपून बसलेली असतात. म्हणून हा लेख.

माझी चौतीस वर्षे बँकेत गेली, त्यातील बरीचशी रोकड खिडकीवर. रोज हजारो नाणी हाताखालून जात. निवृत्तीनंतर भिंग, वही आणि नाण्यांची दोन-चार पुस्तके एवढाच पसारा मी ठेवला आहे. त्यामुळे ओळखीतले लोक अधूनमधून एखादे नाणे घेऊन येतात. यंदा दिवाळीनंतर जे नाणे आले, त्याची हकीकत सांगते.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या काकू लष्करातील चार-पाच मराठी घरी काम करतात. त्यांपैकी एका घरचा नातू न्यू जर्सीहून सुट्टीला आला होता. जाताना त्याने काकूंच्या मुलाच्या हातावर एक सोनेरी डॉलर ठेवला. मुलगा नववीत, हुशार, मोबाईलवर नको तितका वेळ घालविणारा. त्याने कुठेतरी चित्रफीत पाहिली की अमेरिकेचे असे नाणे सात लाखांना विकले जाते. खाली नंबर होता. त्याने फोटो पाठविला. दहा मिनिटांत फोन आला, "नाणं अस्सल आहे, सात लाख नक्की. सोमवारी संध्याकाळपर्यंत नोंदणीचे साडेचार हजार भरा."

काकूंच्या मुलीला नुकताच नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे. दुसऱ्या हप्त्याचे अठरा हजार रुपये त्यांनी पै-पै करून बाजूला ठेवले होते. साडेचार हजार त्यातूनच जाणार होते. शनिवारी दुपारी मायलेक माझ्याकडे आले, ते पैसे भरावेत की नाही हे विचारायला नव्हे, तर मोबाईलवरून पैसे कसे पाठवायचे हे विचारायला.

काकू म्हणाल्या, "वहिनी, सात नको, एक लाख जरी आलं तरी पोरीची तिन्ही वर्षं सुटतील."

हे वाक्य ऐकल्यावर नुसते "असं काही नसतं" म्हणून त्यांना परत पाठविणे मला बरोबर वाटले नाही. माझ्या शब्दापेक्षा मुलाच्या डोळ्यांना दिसेल असा पुरावा हवा होता. शिवाय नाणे न बघताच ते कवडीमोलाचे आहे असे म्हणणे हेही न बघताच सात लाखांचे म्हणण्यासारखेच झाले. मी मुलाला म्हटले, "सोमवारला दोन दिवस आहेत. तोवर आपण याची किंमत स्वतः काढू. वही घे."

नाणे वाचणे

पहिले काम नाणे नीट वाचण्याचे. आपण नाणे पाहतो, वाचत मात्र नाही. मुलाने लिहिले : एका बाजूला पाठीशी बाळ बांधलेली तरुण स्त्री, दुसऱ्या बाजूला उडता गरुड. साल २०००. सालाखाली इंग्रजी 'पी' हे अक्षर.

"आजी, ही झाशीची राणी वाटते," तो म्हणाला. फूलबागेतल्या समाधीवर लहानपणापासून जाणाऱ्या ग्वाल्हेरच्या मुलाला पाठीवर बाळ घेतलेली स्त्री पाहून दुसरे काय आठवणार? पण ही साकागाविया. अमेरिकेतील शोशोनी जमातीची मुलगी. १८०४ ते १८०६ या काळात लुईस आणि क्लार्क यांची तुकडी पश्चिमेच्या समुद्रापर्यंत गेली, तेव्हा १८०५ साली जन्मलेले तान्हे मूल पाठीवर घेऊन ती त्यांच्याबरोबर चालली. तिचे तिच्या काळातले एकही चित्र उपलब्ध नाही. म्हणून शिल्पकार ग्लेना गुडएकर यांनी आजच्या काळातील एका शोशोनी विद्यार्थिनीला समोर बसवून हा चेहरा घडविला.

'पी' म्हणजे फिलाडेल्फियाची टांकसाळ. 'डी' असते तर डेन्व्हर. आपल्याकडेही ही खूण असते, सालाखाली बघा. हिऱ्याच्या आकाराची खूण असेल तर नाणे मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. शाळेत येताना खिशात असलेली नाणी काढून एकदा पाहा, चारही टांकसाळी बहुधा सापडतील.

धातू

दुसरा प्रश्न धातूचा. नाणे सोन्यासारखे चमकते, म्हणून काकूंना ते थोडेतरी सोन्याचे असावे असे वाटत होते. रविवारी सकाळी आम्ही सराफ्यात एका जुन्या पेढीवर गेलो. दुकानदारांनी ते काट्यावर ठेवले : ८.१ ग्रॅम. "सोना नहीं है, बहनजी," ते हसून म्हणाले, आणि ते खरेच होते. या नाण्याच्या आत तांबे आणि बाहेर मँगनीज मिसळलेले पितळ असते. एकूण वजनात तांबे ८८ टक्क्यांहून थोडे अधिक, बाकी जस्त, मँगनीज आणि थोडे निकेल. वितळवून विकले तर एका डॉलरचा दहावा हिस्साही हाती येणार नाही.

डॉलर म्हटला की चांदी, हा समज मात्र पूर्वी खरा होता. १८७८ पासून निघालेल्या मॉर्गन डॉलरमध्ये ९० टक्के चांदी असे आणि वजन जवळपास २६.७ ग्रॅम. अशा नाण्याला काही नाही तरी चांदीची किंमत येतेच. १९८६ पासून निघणाऱ्या 'सिल्व्हर ईगल' नाण्यावरही एक डॉलरच लिहिलेले असते, पण त्यात एक औंस शुद्ध चांदी असते. म्हणजे नाण्यावर लिहिलेला आकडा एकच, पण मोल निरनिराळे. म्हणून आधी साल पाहावे, मग वजन करावे.

किती पाडली?

तिसरा प्रश्न हा की अशी नाणी किती? २००० साली फिलाडेल्फियात ही नाणी ७६ कोटींहून अधिक पाडली गेली आणि डेन्व्हरला ५१ कोटींहून अधिक. दोन्ही मिळून सुमारे १२८ कोटी. मी मुलाला विचारले, "२००१च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या किती होती?" त्याने पुस्तक काढले, सुमारे १०३ कोटी. म्हणजे त्या वेळच्या प्रत्येक भारतीयाला, तान्ह्या बाळासकट, एकेक नाणे वाटले असते तरी पंचवीस कोटी उरली असती. हा हिशेब त्याने स्वतः केला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे सात लाख तिथेच थोडे कमी झाले.

ही नाणी इतकी पाडली, पण अमेरिकेत लोकांच्या हाती ती फारशी फिरलीच नाहीत. कारण सोपे आहे. तेथे एक डॉलरची कागदी नोट कधी बंद केली नाही. हलकी नोट मिळत असताना जड नाणे खिशात कोण बाळगणार? त्याआधी १९७९ साली सुझन अँथनी यांचे चित्र असलेला डॉलर काढला होता. तो पाव डॉलरच्या नाण्यासारखाच रंगाने पांढरा आणि आकारानेही जवळपास तेवढाच, त्यामुळे लोक फसत. तो चालला नाही म्हणून २०००चे नाणे सोनेरी केले. २००७ पासून राष्ट्राध्यक्षांची चित्रे असलेले डॉलर आले, तेही साठत गेले. शेवटी डिसेंबर २०११ मध्ये व्यवहारासाठी ते पाडणे थांबविण्यात आले. तेव्हा सरकारी तिजोरीत १४० कोटींच्या आसपास डॉलर नाणी पडून होती. दक्षिण अमेरिकेतील इक्वाडोर या देशाने २००० साली डॉलर हेच आपले चलन केले. साकागावियाचे नाणे तिथे मात्र बाजारहाटात चालते.

जे कोट्यवधींनी पाडले, जे वापरले गेले नाही म्हणून झिजलेही नाही, आणि जे लोकांनी 'पुढे किंमत येईल' म्हणून डब्यात जपून ठेवले, ते दुर्मिळ कसे होणार? नव्या नाण्यांची हीच गोम आहे. जुनी नाणी दुर्मिळ झाली, कारण ती वापरात झिजली, हरवली, वितळविली गेली. नवी नाणी पहिल्या दिवसापासून सांभाळली जातात.

एक खरी शक्यता

इथपर्यंत उत्तर 'एक डॉलर' असेच येत होते. पण तपास अर्धवट सोडायचा नाही, असे मी मुलाला सांगितले होते. कारण २००० साल आणि 'पी' हे अक्षर या जोडीला एक खरी गोष्ट चिकटलेली आहे.

हे नाणे लोकांना माहीत व्हावे म्हणून त्या वर्षी अमेरिकेच्या टांकसाळीने न्याहारीचा 'चिरिओज' नावाचा पदार्थ करणाऱ्या कंपनीशी करार केला होता. त्या खोक्यांत ५,५०० डॉलर नाणी घातली गेली. पाच वर्षांनी, २००५ च्या सुमारास, संग्राहकांच्या लक्षात आले की त्यांतील काही नाणी निराळी आहेत. गरुडाच्या शेपटीच्या पिसांवर बारीक, स्पष्ट रेघा होत्या. बाजारात नाणे आणताना तो साचा बदलून पिसे साधी केली होती, पण खोक्यांत गेलेली नाणी आधीच्या साच्याची होती. लोकांनी बरीचशी नाणी खर्चून टाकली होती, म्हणून ओळख पटलेली थोडीच राहिली. अशा एका नाण्याला हजारो डॉलर मिळतात.

याच सालातील आणखी एक प्रकार त्याहून दुर्मिळ आहे. चुकून एका बाजूला पाव डॉलरवरील वॉशिंग्टनचे डोके आणि दुसऱ्या बाजूला डॉलरचा गरुड उमटलेली नाणी. अशी सारी मिळून वीसच्या आसपास माहीत आहेत. आपल्या नाण्यावर साकागाविया होती, म्हणून तो प्रश्न लगेच मिटला. पिसांचा प्रश्न उरला.

हे सांगितल्यावर मुलगा ताठ बसला. साल तेच, टांकसाळ तीच. काकूंनी पदर सावरला आणि देवाचे नाव घेतले. मुलाने दोन्ही प्रकारांचे मोठे फोटो शोधून वहीशेजारी ठेवले. सराफ्यातील दुकानदारांनी आपले दहापट मोठे दाखविणारे भिंग दिले. तो दुकानाच्या पायरीवर उन्हात बसला, नाणे कलते धरून, एक डोळा मिटून. रविवारची गर्दी शेजारून जात होती. पाच मिनिटे तो काहीच बोलला नाही. मग भिंग माझ्या हातात देऊन म्हणाला, "आजी, तुम्ही बघा."

पिसे साधी होती.

मी त्याला "बघ, मी म्हणत नव्हते?" असे म्हटले नाही, कारण मी तसे म्हटलेच नव्हते. शक्यता खरी होती. ती तपासली, आणि उत्तर 'नाही' आले. विज्ञानाच्या तासाला आपण हेच करतो, फक्त तेव्हा घरचा हप्ता त्यात अडकलेला नसतो.

अवस्था आणि भाव

मग उरतो नाण्याच्या अवस्थेचा प्रश्न. संग्राहक नाण्याला १ ते ७० असे गुण देतात. ही पद्धत १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. पुढे १९८६ आणि १९८७ साली तेथे नाणी तपासून, गुण देऊन, बंद डबीत घालून देणाऱ्या दोन मोठ्या संस्था निघाल्या, आणि ही गुणपद्धती सर्वत्र रूढ झाली. साध्या नाण्यालाही ६८-६९ गुण मिळाले तर बरी किंमत येते. पण मुलाने खिशात किल्लीबरोबर वागविलेल्या नाण्याला ते कुठून मिळणार? शिवाय तपासणीचे शुल्क आणि टपालखर्च मिळून अशी नाणी वीस-तीस विकत येतील.

भावाबद्दलही एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी या कागदावर सात लाख लिहू शकते, लिहायला काय जाते? नाणे प्रत्यक्ष कोणत्या रकमेला विकले गेले, एकदा नव्हे तर पाच-दहा वेळा, ते पाहावे. लिलावात खरोखरच मोठ्या रकमा येतात हेही सांगायला हवे. १७९४ सालचा अमेरिकेचा एक चांदीचा डॉलर जानेवारी २०१३ मध्ये १ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. फसविणारे लोक बातमी त्या नाण्याची सांगतात आणि फोटो आपल्या नाण्याचा मागतात.

सराफ्यातील दुकानदारांनी सांगितले, ते हे नाणे ऐंशी रुपयांना घेतील, आणि एखादा छंदी मुलगा आला तर दीडशेला विकतील. ही लबाडी नव्हे. गिऱ्हाईक येईपर्यंत नाणे सांभाळायचे, भाडे भरायचे, त्याचा तो मोबदला. परकीय चलन बदलून देणारे सहसा नोटाच घेतात, नाणी घेत नाहीत. म्हणून घरात पडलेल्या परदेशी नाण्यांना इथे छापील किंमतही मिळेलच असे नाही.

ज्याने एकही प्रश्न विचारला नाही

सोमवारी दुपारी फोन आला. मी मुलाला सांगितले होते, पैशाचे काही बोलायचे नाही, फक्त दोन प्रश्न विचारायचे. त्याने विचारले, "साल कोणतं पाहिजे? आणि टांकसाळ कोणती?" पलीकडचा माणूस म्हणाला, आधी पैसे भरा, मग साहेब बोलतील. मुलाने विचारले, "पिसं कशी पाहिजेत?" पलीकडे क्षणभर शांतता, आणि फोन बंद. पुन्हा त्या नंबरावरून फोन आला नाही.

मुलगा आईला म्हणाला, "आई, त्याने नाण्याबद्दल काहीच विचारलं नाही गं. फक्त आपल्या खात्याबद्दल विचारलं."

पालकहो, या एका वाक्यात सारी परीक्षा आहे. खरा घेणारा नाण्याबद्दल विचारतो. दोन्ही बाजू दाखवा म्हणतो, वजन विचारतो, कडा पाहतो, आणि पैसे तो देतो. आपल्याकडून आधी पैसे मागणारा हा नाण्याचा ग्राहक नव्हेच. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून सांगितले आहे की जुन्या नोटा व नाणी खरेदी-विक्रीसाठी बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांकडून शुल्क, कमिशन वा कर मागितला जातो, ते खोटे आहे. बँक असा व्यवहार करीत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. कोणाचे पैसे गेलेच तर वेळ न घालविता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडविले जाण्याची शक्यता अधिक. लाजेने गप्प बसू नये.

आपल्या नाण्यांबद्दलही असेच पीक आले आहे. २०१२ साली वैष्णोदेवीचे चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. ती दहा लाखांना जातात असे सांगणाऱ्यांनी किती घरांतील गल्ले फोडायला लावले असतील! ही नाणी व्यवहारासाठी निघालेली, आजही सुट्ट्या पैशांत सापडणारी आहेत. उलट बाजूने, दहा रुपयांचे अमुक नाणे खोटे म्हणून दुकानदार ते नाकारतात. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी स्पष्ट केले होते की तोवर निघालेल्या दहाच्या नाण्यांच्या चौदाही रचना चलनात वैध आहेत. एका नाण्याला अफवा लाखाचे करते, दुसऱ्याला शून्याचे. दोन्ही वेळा नाणे कोणी वाचलेले नसते.

आपल्या घरातील डबा

हप्ता वेळेवर भरला गेला. काकूंनी पावती आणून दाखविली. मुलगा मात्र आठ-दहा दिवस माझ्याकडे फिरकला नाही. सात लाखांचे स्वप्न खोटे असले तरी ते मोडल्याचे दुःख खरे असते, आणि त्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

मग एका संध्याकाळी तो आला तो आजोबांचा पत्र्याचा डबा घेऊन. काकूंनी त्यातील नाणी चिंच लावून घासायला काढली होती, ती त्याने अडविली, "आजींनी सांगितलंय, नाणं घासायचं नाही." हे सगळ्याच घरांसाठी सांगते. चिंच, लिंबू, रांगोळी, पितांबरी, काहीही लावू नका. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी थर हा मळ नव्हे, त्या नाण्याचे कवच आहे. घासलेले नाणे चमकते, पण संग्राहक त्याला हात लावीत नाही.

डब्यात तांब्याचे एक नाणे होते. नागरी अक्षरे, राजाचा चेहरा, 'पाव आना', आणि साल १९८६. मुलगा म्हणाला, "आजी, १९८६ मध्ये पाव आणा कसा? आणे तर त्याआधीच बंद झाले. म्हणून मी ५७ वजा केले. १९२९ आलं. हे विक्रम संवत आहे." मी त्याला काहीही सांगितलेले नव्हते.

ते जिवाजीराव शिंदे यांच्या काळातील ग्वाल्हेर संस्थानचे नाणे. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि 'लष्कर' हे आपले शहर झाले. शिंद्यांची नाणी ग्वाल्हेरच नव्हे तर उज्जैन, चंदेरी, शिवपूर, ईसागढ अशा कितीतरी ठिकाणी पाडली जात. नाग, त्रिशूळ ही त्यांवरील चिन्हे. हे पाव आण्याचे नाणे पुष्कळ निघाले होते, त्यामुळे बाजारात ते थोड्या रुपयांना मिळते. पण त्यावर हात ठेवून मुलगा म्हणाला, "पणजोबांनी याने काहीतरी विकत घेतलं असेल, याच बाड्यावर."

अशा डब्यांसंबंधी दोन कायदे माहीत असावेत. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार परवान्याशिवाय देशाबाहेर पाठविता येत नाही. परदेशातील नातेवाईकांना भेट म्हणून देतानाही हे लक्षात ठेवावे. आणि जमिनीत, जुन्या वाड्याच्या पायात नाणी सापडली तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

विश्वस्त मंडळास माझी एक विनंती आहे. शाळेच्या ग्रंथालयात काचेचे एक लहान कपाट नाण्यांसाठी द्यावे. मौल्यवान नाणी नकोत, घरातील डब्यात असतात तीच. मात्र प्रत्येक नाण्याशेजारी मुलांनी स्वतः लिहिलेली चिठ्ठी असावी : देश, साल, कोणत्या शकाचे वा संवताचे, टांकसाळ, धातू, वजन, आणि ते आपल्या घरी कसे आले. किमतीचा रकाना शेवटी ठेवावा, आणि तो आधीचे सगळे रकाने भरल्याशिवाय भरू नये. काकूंच्या मुलाने साकागावियाचा डॉलर आणि पाव आणा, दोन्ही नाणी त्यासाठी देऊ केली आहेत.

ज्या मुलांच्या घरी असा डबा असेल त्यांनी तो न घासता, पालकांना विचारून, शनिवारी मधल्या सुट्टीनंतर ग्रंथालयात आणावा. भिंग आणि काटा मी घेऊन येईन. वही आणि पेन्सिल तुमची.